सुई मोडली की पालेभाजी: खाजऱ्या रानवनस्पती खाण्यामागचे शास्त्र

रानातून चालताना एखादे पान मनगटाला नुसते घासून जाते आणि पुढच्याच क्षणी तिथे निखारा टेकवल्यासारखी आग सुरू होते. थोड्या वेळाने त्या जागी पांढुरक्या गांधी उठतात, भोवतालची कातडी लाल होते आणि चुणचुण पुढे काही तास पिच्छा सोडत नाही. ज्या झाडाने असा प्रसाद दिला, त्याचेच शेंडे खुडून शिजवून खावेत असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. तरीही माणूस ही पाने फार पूर्वीपासून खात आला आहे. लंडनचे सरकारी अधिकारी सॅम्युअल पीप्स यांनी फेब्रुवारी १६६१ मध्ये नेटल या खाजऱ्या वनस्पतीची लापशी खाल्ल्याचे आणि ती चांगली लागल्याचे आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवले आहे. त्यात त्यांना काही साहस वाटलेले दिसत नाही.

हाताला जे सोसत नाही, ते जिभेला आणि घशाला कसे सोसते? या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर असे, की शिजवल्यावर त्यातले विष नाहीसे होते. हे उत्तर अर्धेच खरे आहे, आणि रानभाज्यांच्या बाबतीत अर्धे खरे उत्तर कधी कधी पूर्ण खोट्यापेक्षा महागात पडते. म्हणून या लेखात आधी ती आग नेमकी होते कशी हे पाहू, आणि मग खाण्याकडे वळू.

ज्या वनस्पतीवर या विषयाचा सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे, ती म्हणजे नेटल. तिचे शास्त्रीय नाव ऊर्टिका डायोइका. लॅटिनमध्ये ‘ऊरेरे’ म्हणजे जाळणे, त्यावरून ऊर्टिका हे नाव आले. अंगावर पित्त उठण्याला डॉक्टर जे ‘अर्टिकेरिया’ म्हणतात, तो शब्दही याच झाडावरून घेतलेला आहे. ‘डायोइका’ म्हणजे दोन घरे असलेली, कारण या जातीत नर फुले आणि मादी फुले बहुधा वेगवेगळ्या झाडांवर येतात. युरोप, आशियाचा थंड भाग आणि उत्तर आफ्रिका हे तिचे मूळ प्रदेश, पण आता ती जगाच्या बहुतेक समशीतोष्ण भागांत पसरलेली आहे.

नेटलचे पान हातातल्या साध्या भिंगाखाली धरले, तर त्यावर दोन प्रकारची लव दिसते. एक आखूड, मऊ आणि निरुपद्रवी. दुसरी विरळ, ताठ आणि काचेसारखी चमकणारी. ही दुसरी लव म्हणजेच दाहक केस. प्रत्येक केस ही एकच लांबट पेशी असते, उंचीने साधारण एक ते दोन मिलिमीटर. तिचा फुगीर तळ हिरव्या पेशींच्या एका छोट्या उंचवट्यात बसवलेला असतो, मधला भाग वर निमुळता होत जातो आणि अगदी टोकाला सुईच्या अग्रावर बसवल्यासारखा एक बारीकसा गोळा असतो. टोकाच्या भागात भिंतीमध्ये सिलिका साठलेली असते, म्हणजे ज्यापासून काच बनते तोच पदार्थ. खालच्या भागात कॅल्शियमचे क्षार असतात. त्यामुळे टोक कडक आणि ठिसूळ होते, तर तळ लवचीक राहतो. इंजेक्शनच्या औषधाची काचेची कुपी जशी मानेशी ठरलेल्या जागीच टिचकते, तसा हा गोळा जरासा धक्का लागताच ठरलेल्या जागी, तोही तिरका मोडतो. उरते ती तिरकी कापलेली पोकळ सुई. ती कातडीत शिरते, तळाची पिशवी दाबली जाते आणि आतला द्रव कातडीखाली सोडला जातो. इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली हे केस तपासले होते, आणि एक केस स्वतःच्या कातडीत टोचू देऊन तळाच्या पिशवीतला द्रव वर सरकताना पाहिल्याचे त्यांनी लिहिले आहे. वैद्यकात इंजेक्शनची सुई रुळायला त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे जायची होती.

त्या द्रवात असते काय? मुंगीच्या दंशात फॉर्मिक आम्ल असते म्हणून नेटलमध्येही तेच असणार, ही जुनी समजूत आजही पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. फॉर्मिक आम्ल त्यात सापडते, पण एवढी आग होण्याइतके ते पुरेसे नसते. १९४७ मध्ये एमेलिन आणि फेल्डबर्ग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी नेटलच्या केसांत हिस्टामीन आणि ॲसिटिलकोलीन असल्याचे दाखवले. १९५६ मध्ये कोलियर आणि चेशर यांनी त्यात सेरोटोनिनची भर घातली. ही तिन्ही नावे आपल्या शरीराला परकी नाहीत. हिस्टामीन आपल्याच पेशी ॲलर्जीच्या वेळी सोडतात आणि पोटातले आम्ल स्रवावे म्हणूनही वापरतात. ॲसिटिलकोलीन मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचवते. सेरोटोनिनचा मोठा साठा तर आतड्यातच असतो. म्हणजे या झाडाने नवे विष बनवलेले नाही. आपल्याच शरीराचे धोक्याचे संदेश त्याने बाटलीत भरून ठेवले आहेत आणि ते चुकीच्या जागी, एकदम ओतण्याची सोय तेवढी केली आहे.

आता शिजवण्याकडे येऊ. हिस्टामीन उष्णतेने सहजासहजी मोडत नाही; नीट थंड न ठेवलेल्या काही माशांत ते साठते, तेव्हा मासा कितीही शिजवला तरी खाणाऱ्याला त्रास होतो, हे अन्नसुरक्षेत सर्वज्ञात आहे. तेव्हा नेटलची भाजी झोंबत नाही याचे कारण ‘विष जळून गेले’ एवढेच असू शकत नाही. मुख्य कारण सुईत आहे. दाहक केस ही पाण्याने टच्च फुगलेली जिवंत पेशी आहे, आणि तिची सगळी ताकद त्या फुगीरपणात आहे. उकळते पाणी लागताच पेशीचे आवरण फाटते, द्रव गळून पाण्यात मिसळतो, तळ लिबलिबीत होतो आणि केस आडवा पडतो. काचेचे टोक तसेच उरते, पण त्याच्यामागे ना दाब असतो ना आधार. जे काही हिस्टामीन पानांत उरते, ते प्रमाणाने अत्यल्प असते आणि आतड्यात त्याला मोडणारे विकर (एन्झाइम) तयारच असते. तोच कण कातडीखाली, थेट मज्जातंतूच्या टोकाशी पोहोचला तर आग होते. पोटात गेला तर पत्ताही लागत नाही.

हे एकदा ध्यानात आले, की वेगवेगळ्या पाककृतींमधल्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. उकळणे, वाफवणे, कडकडीत वाळवणे, मिक्सरमध्ये अगदी बारीक वाटणे, या सगळ्यांत एकच गोष्ट घडते: केस ताठ उभा राहत नाही. वाटण जाडसर राहिले, तर मात्र काही केस शाबूत राहतात आणि जिभेला ते बरोबर सापडतात. म्हणून कच्च्या पानांची चटणी करण्याच्या हौसेपेक्षा आधी उकळून घेणे केव्हाही शहाणपणाचे, असे माझे मत आहे.

प्रत्यक्षात हे काम एका मिनिटाचे असते. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी खळखळ उकळत ठेवावे, पाने आधी थंड पाण्यात बुडवून माती आणि किडे काढावेत, आणि मग चिमट्याने किंवा झाऱ्याने ती उकळत्या पाण्यात सोडावीत. सुरुवातीला ढीग पाण्यावर तरंगतो, पाने अंग आखडून उभी राहतात. मग दहाबारा सेकंदांत ती एकदम माना टाकतात, फिकट हिरवा रंग गडद, जवळजवळ काळपट हिरवा होतो आणि पातेलेभर पाला मूठभर उरतो. वरची पाने पाण्याखाली नीट दाबली पाहिजेत, कारण काठाला चिकटून कोरडे राहिलेले एक पानही पुढे बोटाला आठवण करून देते. मिनिट-दीड मिनिटाने पाला काढून थंड पाण्यात टाकला, की तो उघड्या हाताने पिळता येतो. पहिल्यांदा तो पिळताना हात कचरतोच. माझाही कचरला होता, आणि काहीच झाले नाही तेव्हा फसवणूक झाल्यासारखे वाटले होते. चव पालकाच्या जवळची, पण अधिक भरीव, किंचित समुद्री वासाची. पानांचा पोत थोडा खरबरीत राहतो, म्हणून डाळीत, सूपमध्ये किंवा भरडून इतर पदार्थांत ती जास्त शोभते.

इथपर्यंतचे सगळे नेटलला लागू आहे. पण ‘उकळले की खाज जाते आणि खाज गेली की खायला हरकत नाही’ हा नियम म्हणून दुसऱ्या वनस्पतींना लावला, तर तो दगा देतो. अंगाला आग लावणाऱ्या वनस्पतींचे मार्ग निरनिराळे आहेत, आणि आग लावणारा पदार्थ व पोटाला बाधणारा पदार्थ हे एकाच झाडात दोन वेगळे असू शकतात.

चाया हे याचे उत्तम उदाहरण आहे. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले हे झुडूप एरंडाच्या कुळातले, शास्त्रीय नाव निडोस्कोलस ॲकॉनिटिफोलियस. त्याच्या रानटी झाडांवर नेटलसारखेच टोचणारे केस असतात. लागवडीच्या वाणांत ते निवडीने कमी केलेले आहेत. हे केस थोड्याशा उकळीने निकामी होतात. पण पानांच्या आत सायनाइड सोडणारी संयुगे असतात आणि त्यांचा केसांशी काही संबंध नाही. पान चिरडले की ती मोडून हायड्रोजन सायनाइड तयार होते. ते सुमारे २६ अंश सेल्सियसलाच उकळणारे असल्याने उघड्या भांड्यात वाफेबरोबर निघून जाते, मात्र त्यासाठी पाने पंधरा-वीस मिनिटे उकळावी लागतात. ती कधीही कच्ची खात नाहीत, आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यात शिजवू नयेत असाही सल्ला दिला जातो. नेटलचा एका मिनिटाचा हिशेब चायाला लावणाऱ्याच्या बोटांना काहीच कळणार नाही. पाने त्याच्या हातात अगदी मऊ आणि निरुपद्रवी लागतील.

खाजकुइलीची गोष्ट आणखी निराळी आहे. तिच्या शेंगांवर सोनेरी-तपकिरी मखमल असते. ती द्रवाने भरलेली सुई नसून शेंगेपासून सहज सुटणारे, कोरडे, टोकदार केस असतात, आणि वाऱ्याबरोबर उडून ते अंगभर पसरतात. त्यांच्यावर म्युक्युनेन नावाचे प्रथिने कापणारे विकर असते. ते कातडीतल्या मज्जातंतूंवरच्या विशिष्ट ग्राहकांना (रिसेप्टरना) डिवचते आणि खाजेचा संदेश मेंदूकडे धाडते. हिस्टामीनचा यात फारसा हात नसल्याने ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळीने या खाजेला विशेष उतार पडत नाही. खरा धोका मात्र शेंगेच्या आत, बियांमध्ये आहे. कंपवातावर औषध म्हणून दिला जाणारा एल-डोपा हा पदार्थ त्यांत साधारण चार ते सहा टक्के असतो. बिया वारंवार उकळून, प्रत्येक वेळी पाणी फेकून देऊन तो कमी करतात. १९८९ मध्ये मोझांबिकमध्ये टंचाईच्या काळात, पाण्याचाच तुटवडा असताना, ही काळजी नीट घेता आली नाही आणि बिया खाणाऱ्या अनेकांना तीव्र मानसिक भ्रमाचा त्रास झाल्याची वैद्यकीय नोंद आहे. इथे केस फक्त वरचा पहारेकरी आहे. त्याला चुकवून आत गेलेल्याला घरात कोण आहे ते ठाऊक असलेले बरे.

अळू आणि त्याच्या कुळातल्या कंदांची खाज अंगाबाहेर फारशी जाणवत नाही, ती घशात जाणवते. त्यांच्या पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांच्या जुड्या असतात. चावताना त्या सुया तोंडाच्या अस्तरात घुसतात आणि त्यांनी पाडलेल्या छिद्रांतून प्रथिने कापणारी विकरे आत शिरून आग वाढवतात. अननस जास्त खाल्ल्यावर जीभ चरचरते, त्यातही सुया आणि विकरे यांची हीच जोडगोळी काम करत असते. हे स्फटिक पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे एका मिनिटाची उकळी इथे काही उपयोगाची नाही. भरपूर वेळ शिजवल्यावर विकरे निकामी होतात, पेशी मऊ होतात आणि सुया पिष्टात रुतून बसतात. याच कुळातली काही शोभेची झाडे कितीही शिजवली तरी खाण्यायोग्य होत नाहीत, हे सांगायला हवे.

आणि शेवटी ती झाडे, ज्यांच्यावर एकही केस नसतो. उत्तर अमेरिकेतली पॉयझन आयव्ही ही वेल बिब्बा, काजू आणि आंबा यांच्या कुळातली आहे. तिच्यातले उरुशिओल हे तेल कातडीला लागले तर लगेच काहीच होत नाही. एक-दोन दिवसांनी शरीराची रोगप्रतिकारशक्तीच त्या जागेवर हल्ला करते आणि फोड येतात. उष्णतेने हे तेल नष्ट होत नाही. ती वेल जाळली, तर धुराबरोबर ते फुप्फुसात जाते, आणि तो प्रकार जिवावर बेतू शकतो. अशा वनस्पतींसाठी खाण्याचा विचारच करायचा नाही.

नेटलच्या स्वतःच्या कुळातही सगळी भावंडे सारखी नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागातल्या वर्षावनांत वाढणाऱ्या डेंड्रोक्नाइड वंशातल्या झाडांचे केस रचनेने नेटलसारखेच, पण त्यांच्या दंशाची वेदना आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही परत परत उफाळते. क्वीन्सलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये याचे कारण शोधले: त्या द्रवात गाठ मारलेल्या दोऱ्यासारख्या घडणीची छोटी प्रथिने असतात, आणि ती कोळ्यांच्या व शंखगोगलगायींच्या विषाशी रचनेने मिळतीजुळती आहेत. त्यांना ‘जिंपिटाइड’ असे नाव दिले गेले. ती मज्जातंतूंमधली सोडियमची दारे नीट बंदच होऊ देत नाहीत. ही प्रथिने इतकी टिकाऊ आहेत, की संग्रहालयात कित्येक दशके वाळवून ठेवलेल्या नमुन्यांनीही हाताळणाऱ्यांना दंश केला आहे. म्हणजे ‘वाळवले की झाले’ हा नेटलचा नियम तिच्या चुलत बहिणीलाही लागू नाही. न्यूझीलंडमधली ओंगाओंगा ही नेटलच्याच वंशातली झुडूपवजा जात. तिच्या दाट झुडपांत सापडलेल्या एका तरुणाचा १९६१ मध्ये मृत्यू झाल्याची नोंद आहे.

म्हणूनच खुडण्याआधी ओळख पक्की हवी. नेटलची पाने खोडावर समोरासमोर जोडीने येतात आणि पुढची जोडी आधीच्या जोडीला काटकोनात असते. पानाचा आकार हृदयासारखा, टोक लांब, कडा करवतीसारख्या ठळक दातेरी. खोड चौकोनी आणि केसाळ असते. पानांच्या बगलेतून हिरवट, बारीक फुलांचे लोंबते झुबके येतात. रंगीत, डोळ्यांत भरणारी फुले कधीच येत नाहीत. पांढऱ्या किंवा जांभळट, ओठासारख्या फुलांचे आणि न टोचणारे झाड दिसले, तर ते पुदिन्याच्या कुळातले लॅमियम असते. तेही खाण्याजोगे आहे, पण ते नेटल नव्हे. पाने एकाआड एक येत असतील, तर ती नेटलच्याच कुळातली लापोर्टिया किंवा दुसरी कोणती तरी वनस्पती. आग होते म्हणून नेटलच असणार, हा तर्क खुणेच्या जागी वापरू नये.

खुडायचे ते वरचे चार-सहा कोवळ्या पानांचे शेंडे, आणि तेही फुले यायच्या आधी. पीप्स यांची लापशी फेब्रुवारीतली होती हा योगायोग नाही. हिवाळा सरताना जमिनीतून येणारे पहिले कोंब सर्वांत कोवळे असतात. फुलोऱ्यानंतर पानांच्या पेशींत कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुन्याचेच, बारीक खडे साठतात आणि भाजी दाताखाली कचकचते. खोडही तोवर दोऱ्यासारखे चिवट होते, आणि ते साहजिकच आहे, कारण या खोडाच्या धाग्यांपासून माणसाने कापड विणलेले आहे.

हातमोजे रबरी किंवा जाड कापडाचे असावेत. विणलेल्या लोकरी मोज्याच्या छिद्रांतून केस आरामात आत येतात. खरी फट मोजा आणि बाही यांच्या मधे असते. माझे मनगट पहिल्याच दिवशी तिथेच सापडले, आणि गंमत म्हणजे तळहाताला तेच पान लागूनही काही झाले नव्हते, कारण तिथली कातडी जाड असते. मोज्याशिवाय पान घट्ट धरले तर टोचत नाही, असे सराईत लोक दाखवतात, आणि त्यात तथ्य आहे: केस पानाच्या टोकाकडे कललेले असतात, त्यामुळे देठाकडून टोकाकडे, दाबून बोट फिरवले तर ते आडवे पडतात आणि नुसत्या ओझरत्या स्पर्शात मात्र टोकावर टोचतात. तरी नवख्याने या कौशल्याच्या नादी न लागता कात्री वापरावी.

जागा निवडताना एक विरोधाभास ध्यानात ठेवावा लागतो. नेटलला नायट्रोजन आणि फॉस्फेट भरपूर असलेली जमीन आवडते; म्हणून ती गोठ्यामागे, उकिरड्याशेजारी, शेताच्या कडेला माजते. माणसाची वस्ती उठून गेली तरी मातीतले फॉस्फेट शतकानुशतके राहते, त्यामुळे ओसाड माळावर नेटलचे रान दिसले की पुरातत्त्वज्ञ तिथे जुन्या घरांच्या खुणा शोधतात. पण जिथे ती सर्वांत जोमदार दिसते, तिथेच शेण-मूत्र, सांडपाणी, तणनाशके आणि जुन्या रंगांतले शिसे असण्याची शक्यताही जास्त. वर्दळीचा रस्ता, रेल्वेमार्ग, जुन्या कारखान्यांची आवारे आणि नुकतेच फवारलेले बांध सोडून द्यावेत. जमिनीच्या मालकाची परवानगी आणि संरक्षित क्षेत्राचे नियम हे ओघाने आलेच.

पोषणाबद्दल बोलताना लोक या वनस्पतीला फार चढवतात. उकळलेल्या १०० ग्रॅम नेटलमध्ये सुमारे ४८० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळपास चौपट, आणि हा आकडा खरोखरच मोठा आहे. तंतुमय पदार्थ सुमारे ७ ग्रॅम. ‘रक्त वाढवणारी’ म्हणून मात्र तिची जी ख्याती आहे, तिच्या मानाने लोह साधारण १.६ मिलिग्रॅमच, इतर पालेभाज्यांच्या रांगेतले. प्रथिने २.७ ग्रॅम आणि ऊर्जा अवघ्या ४२ किलोकॅलरी. म्हणजे किलोभर उकडलेला पाला खाल्ला, तरी एका साध्या जेवणाइतकीच शक्ती मिळेल. अकराव्या-बाराव्या शतकातले तिबेटी योगी मिलारेपा गुहेत कित्येक वर्षे केवळ नेटल खाऊन राहिले, अशी परंपरागत कथा आहे, आणि त्या कथेत ते हाडांचा सापळा झालेले आणि अंगाने हिरवे पडलेले असतात. हिरव्या रंगाचे सोडून द्या, पण सापळ्याबद्दल ही कथा आहारशास्त्राला धरून आहे.

काही जणांनी ती जपून खावी. उकळलेल्या १०० ग्रॅम पानांत व्हिटॅमिन के सुमारे ५०० मायक्रोग्रॅम असते, आणि रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्यांच्या औषधाचा तोल त्यामुळे बिघडू शकतो. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी, मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी, विशेषतः काढा किंवा अर्क घेण्यापूर्वी, डॉक्टरांना विचारावे. इतरांनीही पहिल्या वेळी चार घासच खाऊन पाहावे.

इतके सांभाळूनही दंश झालाच, तर पहिली गोष्ट म्हणजे चोळायचे नाही; चोळल्याने अर्धवट रुतलेले केस आणखी आत जातात आणि द्रव पसरतो. थोडा वेळ तसेच सोडून जागा कोरडी होऊ द्यावी, मग चिकटपट्टी हलक्या हाताने लावून एकदम ओढावी म्हणजे मोडके केस तिच्याबरोबर निघतात, आणि नंतर साबणपाण्याने धुवावे. थंड पट्टीने आराम पडतो. ॲलर्जीवरच्या गोळीने गांधी लवकर बसायला मदत होऊ शकते. एका दिवसात त्रास ओसरायला हवा. ओठ किंवा चेहरा सुजणे, श्वास लागणे, चक्कर येणे यांपैकी काहीही दिसले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तडक रुग्णालय गाठावे.

खुडलेल्या झाडाला दोन-तीन आठवड्यांत खालून नवे कोंब फुटतात, त्यामुळे एकच ताटवा आलटून पालटून कापत राहिले तर कोवळा पाला बराच काळ मिळत राहतो. कात्री चालवण्याआधी पाने उलटून पाहावीत. पीकॉक, रेड ॲडमिरल आणि स्मॉल टॉर्टोइजशेल या युरोपातल्या फुलपाखरांच्या अळ्या याच पानांवर वाढतात. जाळे विणून घोळक्याने बसलेल्या काळ्या काटेरी अळ्या किंवा दोरा घालून शिवल्यासारखे दुमडलेले पान दिसले, की तो भाग तसाच ठेवून पुढच्या ताटव्याकडे जावे. त्या अळ्या ही पाने कच्चीच खातात, दाहक केसांच्या मधूनच, आणि त्यांना पातेले लागत नाही.